सोन्याचं मांजर

मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, असं आमच्या सासूबाई सांगत. मांजर जगवलं तर काय करावं लागतं, हे मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं. ते आम्हाला गेल्या दोन वर्षांत कळलं. जनावरांच्या डॉक्टरांची फी, सलाईनच्या बाटल्या, सुया, गोळ्या, रक्ताचे रिपोर्ट आणि डोंबिवलीच्या रिक्षांचं भाडं असा सगळा हिशोब मी एकदा कॅशियरकीच्या जुन्या सवयीने वहीत मांडला आणि बायकोला म्हटलं, "एवढ्यात एक लहानसं सोन्याचं मांजर झालं असतं."

"मग ते कुठे ठेवलं असतंत?"

"लॉकरमध्ये."

"बरं," ती म्हणाली, आणि उशाशी झोपलेल्या बयोच्या अंगावर पंचा ओढून दिवा घालवला. हिशोबाची वही माझ्या हातात तशीच.

बयो हे नाव सासूबाईंनीच ठेवलं. सोळा वर्षांपूर्वी पावसाळ्यात इमारतीच्या मीटरच्या खोलीत हे मूठभर तिरंगी पिल्लू सापडलं तेव्हा त्या राजापूरहून आमच्याकडे आल्या होत्या. "बयो गो, कोणी टाकलान तुला हितं?" असं म्हणून त्यांनी ते पदरात घेतलं. मांजर पाळायचं की नाही यावर चर्चा करायला आम्ही बसलो, तोवर ते पाळलं गेलेलं होतं.

मांजराची पहिली दोन वर्षं माणसाच्या चोविसाच्या बरोबरीची आणि पुढचं प्रत्येक वर्ष चारांचं, असा डॉक्टर लोकांचा ढोबळ हिशोब आहे. त्या दराने बयो ऐंशीची झाली. म्हणजे सहस्रचंद्रदर्शनाला आली. बायकोने तिला ओवाळलंसुद्धा. अंगठी आणि सुपारी कपाळाला लावली. अंगठीकडे तिने पाहिलं नाही. सुपारी पंजाने टोलवत दिवाणाखाली नेली. ती अजून सापडलेली नाही.

तर या ऐंशीच्या बाईंची तब्येत बिघडते आहे हे आमच्या लक्षात यायला फार उशीर झाला, कारण बिघाडाची सगळी लक्षणं आम्ही सद्गुण म्हणून धरली होती. ती कपाटावर उडी मारेनाशी झाली. आम्ही म्हटलं, पोक्तपणा आला. पाणी भरपूर प्यायला लागली. आम्ही म्हटलं, शहाणी आहे, उन्हाळा ओळखते. तिच्या वाळूच्या ट्रेमधले मुताचे गोळे लिंबाएवढे असायचे ते संत्र्याएवढे झाले. तेव्हाही मी वाळूचा ब्रँड चांगला निघाला असं समजून तीच वाळू पुन्हा मागवली. आजार लपवण्यात मांजराचा हात धरणारा प्राणी नाही. रानात जो आजारी दिसतो तो कुणाचं तरी जेवण होतो, हे त्यांच्या रक्तात आहे. आमच्या चौथ्या मजल्यावर तिला खाणारं कोणी नाही, हे तिला सोळा वर्षांत पटवता आलेलं नाही.

शेवटी एके दिवशी तिला उचलताना हाताला पाठीचे मणके लागले आणि डॉक्टरकडे जायचं ठरलं.

मी लालबागला वाढलो. आमच्या लहानपणी जनावरांचा दवाखाना म्हणजे परळचं बैलघोडा हॉस्पिटल. खरं नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट यांचं, पण ते पाटीवर, तोंडात बैलघोडाच. ते एकोणिसाव्या शतकातलं. तेव्हा मुंबईत ट्रामसुद्धा घोडे ओढत, गाड्या बैल ओढत, आणि आजारी पडायचा हक्क काम करणाऱ्यांना होता. 1886 साली त्याच आवारात पशुवैद्यकीय कॉलेज निघालं. आमच्या चाळीत अभ्यासात ढ असलेल्या पोराला "ह्याला बैलघोड्यात दाखवा" म्हणायची पद्धत होती; मला दोनदा म्हटलं गेलं होतं. चाळीत मांजरं पुष्कळ होती, पण त्यांतलं एकही कधी तिथे गेल्याचं आठवत नाही. मांजर आजारी पडलं की जिन्याखाली जाऊन बसायचं, आणि बरं झालं की बाहेर यायचं. बरं झालं नाही की यायचं नाही.

बयोसाठी आम्ही घराजवळचा दवाखाना गाठला. म्हणजे गाठेपर्यंत पाऊण तास गेला. माळ्यावरून बास्केट काढताना जो खडखडाट झाला, तो ऐकून ऐंशीच्या बाई दिवाणाखाली अशा कोपऱ्यात गेल्या की जिथे फक्त ती सुपारीच पोचू शकली असती. मी पालथा पडून हात घातला, तो ओरबाडून परत आला. बायकोने झाडू उलटा करून घातला, तर झाडूची दांडी परत आली आणि झाडू आतच राहिला. अखेर दिवाण सरकवला.

रिक्षात तिने जो सूर लावला तो मी तिच्या तरुणपणीही ऐकला नव्हता. रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, "काका, मांजर आडवं गेलं तर थांबायचं असतं. हे मागेच बसलंय. मी काय करू?"

"चालव," मी म्हटलं.

दवाखान्यात दोन लॅब्रॅडॉर, एक भुंकणारा कापसाचा गोळा आणि पिंजऱ्यातला पोपट असे पेशंट आधीच होते. मी बास्केट जमिनीवर ठेवली. ही पहिली चूक, असं नंतर कळलं. कुत्र्यांची नाकं बरोबर त्याच उंचीवर असतात. आत गेल्यावर डॉक्टरांनी तिला मानगुटीला धरून ओढून काढलं. टेबल पत्र्याचं आणि थंडगार. रक्त काढलं. साखर निघाली 290. "डायबिटीस दिसतोय," ते म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

घरी दोन दिवस सुतक असल्यासारखं वातावरण. बयो बाथरूममध्ये बादलीमागे बसून राहिली. दीड दिवस जेवली नाही. मी माफीदाखल बांगड्याचा तुकडा पुढे केला, तर तिने माझ्याकडे पाठ केली. तोंड भिंतीकडे, शेपटी माझ्याकडे. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात हे मी पाहिलं होतं, त्यामुळे किती वेळ लागेल याचा अंदाज होता.

आठवड्याने आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. या वयाने आमच्या मुलीसारख्या, आवाज हळू. त्यांनी आधी मांजर बघितलंच नाही, मला बसायला सांगून विचारलं, "काका, बास्केट माळ्यावर असते ना?"

"हो."

"म्हणजे ती खाली येते ती फक्त वाईट दिवशी."

मला एकदम लख्ख दिसलं. आम्ही त्या बिचारीसमोर दर वेळी यमाचा रेडाच आणून उभा करत होतो आणि वर म्हणत होतो, बस.

साखरेचंही त्यांनीच उलगडून सांगितलं. घाबरलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीनेच तेवढी चढू शकते. त्यांनी फ्रुक्टोसामाइन नावाची तपासणी केली. ती मागच्या दोनेक आठवड्यांचा सरासरी अंदाज देते, त्यामुळे त्या दिवशीचा लॅब्रॅडॉर तिच्यात धरला जात नाही. ती ठीक आली. डायबिटीस नव्हता. पण मूत्रपिंडं थकली होती. क्रिएटिनिन वाढलेलं रिपोर्टात दिसेपर्यंत मूत्रपिंडांचं साधारण तीन चतुर्थांश काम बंद पडलेलं असतं, असं त्या म्हणाल्या. मी चौतीस वर्षं काउंटरमागे काढली आहेत. चारपैकी तीन खिडक्या बंद असूनही रांग सरकते आहे आणि कोणी तक्रार करत नाही, अशी शाखा मी पाहिलेली नाही. बयोने ती दीड-दोन वर्षं चालवली असणार.

तर बास्केट हॉलमध्ये आली. झाकण काढलेलं, आत सासूबाईंच्या गोधडीचा तुकडा. आठवडाभर बयोने तिला वळसा घालून प्रदक्षिणा घातली. मग आम्ही तिची वाटी बास्केटच्या तोंडाशी ठेवली, मग आणखी आत. मऊ फडकं तिच्या गालांवर फिरवून ते आत घालायचं, हेही डॉक्टरांनीच सांगितलं. मांजर गाल घासून वस्तूंवर आपल्या वासाचा शिक्का मारतं, आणि शिक्का असलेल्या जागी त्याला निवांत वाटतं. पाहुणे आले की विचारत, "कुठे निघालात?" आम्ही म्हणायचो, "कुठे नाही." तीन आठवड्यांनी ती आत बसून अंग चाटू लागली.

शिवाय एक कॅप्सूल. गॅबापेंटिन. ठाण्याच्या मेहुणीला कंबरेतल्या शिरेसाठी देतात तेच औषध. बयोचा डोस तिच्या वजनाचा आणि मूत्रपिंडांचा विचार करून डॉक्टरांनी कमी करून दिलेला. निघण्याआधी दोन-अडीच तास खाण्यात मिसळायचं. पहिल्यांदा दिली तेव्हा बाई गटारीच्या रात्री घरी परतणाऱ्या गृहस्थासारख्या चालल्या: पावलं मोजून, भिंतीचा अंदाज घेत, चेहऱ्यावर प्रचंड सभ्यपणा. रिक्षात सूर लागला नाही. दवाखान्यात दुपारची वेळ फक्त मांजरांची. डॉक्टरांनी बास्केटचा वरचा अर्धा भाग काढला आणि खालच्या भागातच, गोधडीवर, टॉवेलखाली तिला तपासलं. ब्लड प्रेशरचा चिमुकला पट्टा शेपटीच्या मुळाशी बांधला आणि मग दहा मिनिटं काहीच केलं नाही. गप्प बसल्या. आम्हीही गप्प.

"पहिली एक-दोन रीडिंग मी सोडून देते," त्या म्हणाल्या. "ती मांजराची नसतात, दवाखान्याची असतात."

मला भरून आलं. माझं प्रेशर आमच्या डॉक्टरांकडे नेहमी 160 आणि घरी 134. हे मी गेली सहा वर्षं त्यांना सांगतो आहे. ते हसतात आणि लिहून घेत नाहीत. मला शेपटी नाही, हा दोष कोणाचा?

बयोचं प्रेशर मात्र थांबून, पुन्हा मोजूनही जास्तच निघालं. मूत्रपिंडांच्या दुखण्यात ते वाढतं, आणि फार वाढलं तर डोळ्यातला पडदा सुटून मांजर एका रात्रीत आंधळं होऊ शकतं. त्यावर गोळी दिली ॲम्लोडिपिन. मी चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली, आणि खिशातून माझी पट्टी काढून दाखवली. औषध तेच. मी पाचाची अख्खी घेतो, तिला अडीचाची पाव.

तेव्हापासून आमच्या घरात सकाळी आठला दोन ॲम्लोडिपिन घेतल्या जातात. एक पाण्याच्या घोटाबरोबर, बिनतक्रार. दुसरीसाठी बायको भाजीच्या सुरीने गोळीचे चार तुकडे करते, त्यातला एक तुपात घोळवते, मी बयोला पंच्यात गुंडाळून मांडीवर घेतो, बायको तिचा जबडा उघडून तुकडा जिभेच्या मुळाशी टाकते आणि वरून सिरिंजने थोडं पाणी सोडते, कारण कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकून बसते. बयो गिळते. ओठ चाटते. खाली उतरते, शांतपणे सोफ्यामागे जाते. दिवाळीच्या साफसफाईत सोफा हलवला तेव्हा तिथे नऊ पाव-गोळ्या मिळाल्या. इतकी शिल्लक तर माझ्याही बचत खात्यात कधी राहिली नव्हती. आता गिळल्यावर पाच मिनिटं तिला सोडत नाही. ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे बघतो.

या गोळ्यांच्या गोष्टी सोसायटीत पसरल्या आणि सल्ले येऊ लागले. ऐंशी टक्के निरुपद्रवी होते. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "अंगात कणकण असेल, अर्धी पॅरासिटामॉल द्या, आमच्या नातवाला देतो की." बायकोने बरणीत हात घातलाही होता. नशिबाने आधी फोन केला. डॉक्टरांचा हळू आवाज पहिल्यांदाच चढला. माणसाचं यकृत पॅरासिटामॉल ज्या वाटेने निकालात काढतं ती वाट मांजराकडे जवळजवळ नाहीच; अर्धी गोळीही त्याचा जीव घेऊ शकते. फोन ठेवून बायको थोडा वेळ स्टुलावर बसून राहिली. मग म्हणाली, "काशीचं तिकीट काढावं लागलं असतं."

उडी न मारण्याचं कारण पोक्तपणा नव्हता, सांधे होते. 2002 साली अमेरिकेत बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांचे एक्स-रे तपासले, त्यांतल्या नव्वदांच्या सांध्यांची झीज झालेली दिसली. यावरचा उपाय मात्र घरातच निघाला: खिडकीखाली एक चौरंग आणि त्यावर दोन पाट. सत्यनारायणाला ते काढायचे म्हणजे बयोची परवानगी लागते. गेल्या श्रावणात गुरुजींना प्लॅस्टिकच्या टेबलावर पूजा मांडावी लागली.

पण खरा सोहळा सलाईनचा. दिवसाआड शंभर मिली, कातडीखाली. डॉक्टरांनी दोनदा करून दाखवलं आणि तिसऱ्यांदा माझ्या हातात सुई दिली. घरी बाटली आधी कोमट पाण्याच्या पातेल्यात बसते, कारण थंड पाणी अंगात शिरलं तर कोण सहन करील? मग ती टांगायची कुठे? हॉलच्या छताला मुलाच्या पाळण्याची कडी आहे. मुलगा आता पुण्यात आहे, त्याला स्वतःला टक्कल पडलंय. पण कडी काढायची राहून गेली होती. त्या कडीला बाटली लटकते. बयो गोधडीवर. दोन खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत धरून वर उचलली की तंबू होतो. तंबूच्या दाराने सुई आत. पहिल्या दिवशी मी दारातून आत गेलो आणि मागच्या कनातीतून बाहेर आलो. सलाईन माझ्या लुंगीत गेलं, बयो कोरडी. आता हात बसला आहे. सहा-सात मिनिटं लागतात. तेवढ्यात तिच्या पाठीवर छोटंसं वशिंड उभं राहतं, अगदी खिल्लारी बैलासारखं, आणि तासाभरात ते हळूहळू घसरून एका पुढच्या पायाकडे उतरतं. मग ती त्या पायाने जराशी जड चालते. बैलघोड्यातल्या बैलाची उणीव अशी भरून निघाली.

वजन दर आठवड्याला बघायचं असतं. घरच्या काट्यावर मी बयोला घेऊन उभा राहायचो, मग एकटा, आणि वजाबाकी. त्या वजाबाकीत बायकोला दर वेळी वरची संख्याच जास्त रस घेऊन वाचावीशी वाटे. एकदा रद्दीवाला आलेला असताना त्याने पसरलेल्या झोळीत बयो आपण होऊन जाऊन बसली. पिशवी दिसली की मांजराला राहवत नाही. त्याने झोळी काट्याला अडकवून अलगद उचलली.

"तीन किलो चारशे," तो म्हणाला. "इंग्रजी धरू की मराठी?"

इंग्रजी रद्दीला भाव जास्त असतो. बायको म्हणाली, "मराठी. पण विकायची नाही." तेव्हापासून तो महिन्यातून एकदा रद्दी नसली तरी बेल वाजवतो.

मध्यंतरी तिची भूक कमी झाली आणि मी घाबरून तपासण्यांची यादीच घेऊन डॉक्टरांकडे गेलो. सोनोग्राफी, पुन्हा सगळं रक्त, जमल्यास मुंबईत मोठ्या ठिकाणी नेणं. बयोला घरीच ठेवलं होतं. त्यांनी यादी शेवटपर्यंत वाचली.

"काका, यातलं काही निघालं तर आपण तिच्यासाठी वेगळं काय करणार आहोत?"

मी विचार करायला लागलो. टेबलावर मांजराच्या मूत्रपिंडाचं प्लॅस्टिकचं मॉडेल होतं, ते उघडून बघितलं, बंद केलं. मुंबईला जाऊन-येऊन चार-पाच तास. त्यानंतर बादलीमागचे दोन दिवस. ऐंशीच्या बाईंकडे असे किती दोन दिवस शिल्लक असतील, ते मी मनात मांडून पाहिलं. बँकेत असतो तर व्याजासकट सांगितलं असतं. मळमळीचं एक औषध घेऊन घरी आलो. तिसऱ्या दिवशी ती जेवली. रक्त आता सहा महिन्यांनी. एरवी त्यांनी एक वही ठेवायला सांगितली आहे: किती खाल्लं, किती प्यायली, गोळे केवढे, अंग चाटते का. माझ्या पानांवर आकडे असतात. बायकोच्या पानांवर हे: "आज कावळ्यावर ओरडली. चांगलं लक्षण." "यांनी पंखा वाढवला म्हणून उठून गेली." "कोथिंबिरीच्या जुडीवर झोपली. जुडी टाकून दिली." डॉक्टर दर खेपेला माझे आकडे भराभर चाळतात आणि तिची पानं सावकाश वाचतात. मला याचं वाईट वाटत नाही असं मी बायकोला सांगितलं आहे.

पाण्याचं एक राहिलंच. मांजर मूळचं वाळवंटातलं, शिकारीतल्या ओलाव्यावर भागवणारं. त्याची तहान मुळातच अशक्त. पण मूत्रपिंडं पाणी धरेनाशी झाली की तेच मांजर पुन्हा पुन्हा पाण्याकडे वळतं, आणि तरी ते पुरत नाही. म्हणून घरात चार ठिकाणी वाट्या: स्वयंपाकघरात काचेची, पॅसेजमध्ये मातीची, बाल्कनीत चिनी मातीची, बाथरूममध्ये स्टीलची. एकीलाही तिने आजवर तोंड लावलेलं नाही. ती माझ्या उशाच्या स्टुलावरच्या फुलपात्रातून पिते.

रात्री तीनच्या सुमारास मला उठावंच लागतं. वयाचं आहे, त्यावरही गोळी आहे. परत येतो तेव्हा ती पाटावरून, चौरंगावरून, जड पाय सांभाळत खाली उतरलेली असते आणि स्टुलावर मान घालून बसलेली असते. पिण्याचा आवाज फार बारीक असतो, ऐकायला श्वास धरावा लागतो. मलाही तहान लागलेली असते. मी पलंगाच्या कडेवर बसून तिचं होण्याची वाट बघतो. मग तांब्यातून फुलपात्र पुन्हा भरतो आणि पितो.

अंधारातून बायको विचारते, "प्यायलात का पाणी?"

"हो," मी म्हणतो. दोघांच्या वतीने.